कोसळलेल्या विक्रमला कोणी आळशी म्हटले नाही

७ सप्टेंबर २०१९ रोजी चंद्रावर उतरताना विक्रम कोसळला. यान आळशी होते, असे बंगळुरूच्या नियंत्रण कक्षात कोणी म्हटले नाही. नोंदी तपासल्या गेल्या, आज्ञावली सुधारली, पाय भक्कम केले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरले आणि आपण टाळ्या वाजवल्या. त्याच शहरात, मी राहते त्या मारतहळ्ळीत, सात वर्षांच्या मुलाला शर्टाचे बटण लावता आले नाही, की आपले निदान तयार असते: वेंधळा. हे विज्ञानप्रेम खोटे आहे.

हालचालींच्या समन्वयाचा विकासदोष, म्हणजे डीसीडी, पाच ते अकरा वयोगटातील सुमारे ५ ते ६ टक्के मुलांत आढळतो. चाळीसांच्या वर्गात साधारण दोघांत. चार मीटरवरून सेकंदाला आठ मीटर वेगाने येणारा चेंडू अर्ध्या सेकंदात पोहोचतो. पाहून हात वळवण्यातच त्यातला मोठा वाटा खर्च होतो, म्हणून चेंडू कुठे असेल याचे भाकीत मेंदूला आधीच करावे लागते. डीसीडीत हे भाकीतच कच्चे राहते, असे एक महत्त्वाचे गृहीतक आहे. ओरडल्याने भाकीत सुधारत नाही. ‘मोठेपणी आपोआप जमेल’ हाही भरवसा नको. अनेकांची अडचण प्रौढपणीही टिकते.

मग उपाय कोणता? आमच्या रस्त्यावरचे फलक मेंदूची नवी जुळणी करून देण्याची हमी देतात. झोक्यावर मूल रमते, हे खरे. पण रमणे म्हणजे बटण लागणे नव्हे. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचा भर साध्या गोष्टीवर आहे: जे काम अडते, तेच काम टप्प्याटप्प्याने शिकवा. या पद्धतीच्या पुराव्याचा दर्जाही २०१७ च्या कॉक्रेन आढाव्याने कमीच ठरवला होता. म्हणून तर प्रत्येक मुलाबाबत मोजमाप हवे. पालकहो, पैसे भरण्यापूर्वी विचारा: आज काय मोजले आणि तीन महिन्यांनी काय मोजणार? उत्तर नसेल, तर तेथून उठा.

हा व्यवसायोपचारावरचा हल्ला नव्हे, त्याच्या मूळ अर्थाचा आग्रह आहे. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विद्येचे शिक्षण सुरू केले. येथे व्यवसाय म्हणजे नोकरी नव्हे. जेवणे, लिहिणे, कपडे घालणे, खेळणे.

शाळांनाही सबब उरलेली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही अक्षर वाईट म्हणून गुण कापले जातात आणि उत्तर बरोबर होते की नाही, हे पाहिलेच जात नाही. लिहिण्यास जादा वेळ द्या, टंकलेखनाची मुभा द्या, चेंडू न झेलणाऱ्याला मैदानाबाहेर बसवू नका.

अपयशी यानाला आपण दुसरी संधी दिली, तीही नोंदी तपासून. मुलाला निदान तेवढे तरी द्या.