माझे मत : बदलून घ्यायचा तर मोठाच बाजा घ्यावा

(इयत्ता ४ थी, जि. प. शाळा, हेदवी)

आपल्या भित्तिपत्रकात नेहमी 'माझा आवडता प्राणी' नाहीतर 'पाऊस पडला नाही तर' असे निबंध लागतात. या वेळी बाई म्हणाल्या, ज्याला खरोखर काही म्हणायचे आहे त्याने ते कारणांसकट लिहावे. माझे म्हणणे असे, की मुलांना वस्तू घेताना 'लहान आहे, शिकतेय, सध्या हलकीच घ्या' असे म्हणून जी खेळण्यातली वस्तू देतात ती देऊ नये. निदान वाजवायची वस्तू तरी तशी देऊ नये.

गणपतीला काका मुंबईहून आले ते माझ्यासाठी विजेवरचा बाजा घेऊन. आमच्या वाडीत त्याला सगळे कॅशिओच म्हणतात. खरे म्हणजे कॅसिओ हे एका जपानी कंपनीचे नाव आहे. तिने आपला पहिला कीबोर्ड १९८० साली काढला. पुढे ते नाव इतके पसरले की कुठलाही कीबोर्ड दिसला की लोक तेच म्हणतात, जसे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसे. आमच्या बाजावर दुसरेच नाव होते. त्याला ३७ पट्ट्या. खोका उघडला त्याच दिवशी त्यातल्या तीन मुक्या निघाल्या, आणि त्यात मधला सा! सा नसलेल्या बाजावर आरती कशी वाजवणार? आणखी एक पट्टी उलटी, हळू दाबली तरी केकाटायची. दिवाळीपर्यंत मुक्या पट्ट्या पाच झाल्या.

बाबांनी बाजा घरी उघडू दिला नाही, कारण उघडला की हमी संपते. पण माझे मामा चिपळूणला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात. त्यांनी एक जुना मोडका बाजा उघडून मला आतले दाखवले. प्रत्येक पट्टीखाली रबराची छोटी टोपी असते. टोपीच्या पोटात काळा ठिपका असतो. पट्टी दाबली की तो ठिपका खालच्या तांब्याच्या रेघांना टेकतो, वीज जोडली जाते आणि मग आवाज येतो. मध्ये धूळ किंवा ओल गेली की ठिपका टेकतो पण वीज जात नाही. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत दाराची कडीसुद्धा गंजते, तेव्हा बाजाची काय कथा. पण आमचा बाजा तर खोक्यातूनच मुका आला होता. त्याला आपल्या समुद्राने काही केले नव्हते.

दुकानदार आधी म्हणाला, 'विकलेला माल परत घेत नाही, पावतीवर छापलेच आहे.' तेव्हा बाबांनी त्याला फोनवर सांगितले, की ग्राहकांसाठी कायदा आहे. पहिला १९८६ चा होता, आता २०१९ चा आहे आणि तो जुलै २०२० पासून लागू आहे. वस्तू सदोष निघाली तर ती दुरुस्त करून मिळावी, बदलून मिळावी नाहीतर पैसे परत मिळावेत असे मागता येते. तक्रार करायला मुंबईला जायला नको, आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे रत्नागिरीलाच करता येते. १९१५ या नंबरावर फोनही करता येतो. हे ऐकल्यावर दुकानदाराचा आवाज एकदम मऊ झाला. (जसा आमच्या बाजाचा कधीच झाला नाही!) तो म्हणाला, तोच बाजा नवा देतो, किंवा वर पैसे भरा आणि मोठा न्या, नाहीतर पैसे परत घ्या.

आता घरात जितकी माणसे तितकी मते झाली. बाबा म्हणतात, तोच घ्यावा, वरचा खर्च नको. काका म्हणतात, ६१ पट्ट्यांचा घ्यावा. आई म्हणते, आधी पाढे पाठ कर. आणि आजोबा म्हणतात, बाजा नकोच, पैसे परत घ्या आणि पेटी आणा.

आजोबांचे म्हणणे मी नीट ऐकले, कारण वाडीच्या भजनात चाळीस वर्षे पेटी त्यांनीच वाजवली. ते म्हणतात, "अगं, त्या डब्यात वारा कुठं हाय? वाऱ्याबिगर सूर कसा येईल?" पेटीत पितळेचे सूर असतात. भाता मारला की वारा त्यांच्यातून जातो आणि पितळेची जीभ थरथरते. बामणघळीत भरतीचे पाणी अरुंद जागेत घुसते आणि कसे उसळून वर येते ते तुम्ही पाहिले आहे. पेटीत तसेच होते, फक्त तिथे पाण्याऐवजी वारा. मूळची पेटी युरोपातून आली, तिला पायाने भाता मारावा लागे. संगीत नाटकात ऑर्गन असतो तो अजून तसाच पायाचा आहे. पण आपली माणसे गायला मांडी घालून बसतात. म्हणून कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची पेटी बनवली. त्याला आता सव्वाशे वर्षांहून जास्त झाली. या पेटीला आकाशवाणीवर १९४० पासून तीसएक वर्षे बंदी होती. का, तर तिच्यावर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, उडीच मारावी लागते. १९७१ मध्ये ती बंदी सैल झाली. आजोबा हे सांगताना अजून रागावतात. म्हणतात, रेडिओवर बंदी होती, पण आमच्या भजनात कोण बंदी घालणार?

पेटीचा मोठा गुण म्हणजे ती दुरुस्त होते. सूर बसला तर काढावा, साफ करावा, परत बसवावा. भात्याला भोक पडले तर चिकटवावे. लाईट गेली तरी ती वाजते, आणि पावसात आपल्याकडे लाईट किती जाते ते मी सांगायला नको. आजोबांची पेटी माळ्यावर आहे. तिचा भाता उंदरांनी खाल्ला आहे आणि चार सूर बंद आहेत, तरी ती मेलेली नाही.

मग मी पेटीच का मागत नाही? कारण एक तर ती घरात आहे, नुसती दुरुस्त करायला हवी. दुसरे, पेटीला डावा हात भात्यातच अडकतो. मला दोन्ही हातांनी वाजवायचे आहे. तिसरे, आमच्याकडे पुरुष एका पट्टीत गातात आणि बायका वरच्या पट्टीत. कीबोर्डवर एक बटण दाबले की पट्टी बदलते. आजोबा म्हणतात, त्या बटणाने बोटे आळशी होतात. ते अर्धे खरे आहे. पण आरतीला सगळे उभे असताना पट्टी शोधत बसायला वेळ नसतो.

आणि खरी निकड आरतीचीच आहे. आजोबांची बोटे आता वळत नाहीत. यंदा गणपतीत वाडीतल्या दोन घरी मोबाईलवर आरती लावली आणि सगळे नुसते टाळ्या वाजवत उभे राहिले. मोबाईल आपल्याच वेगाने पुढे गेला, म्हातारी माणसे मागे राहिली. पेटीवाला असता तर थांबला असता. तसे आमच्या भजनात बायका टाळ वाजवतात, पेटीवर अजून कोणी बाई बसलेली नाही. पण कोणी बसू नये असे कुठे लिहिलेले मला सापडले नाही.

आता बाबांच्या मताबद्दल. बाबा म्हणतात, आजोबांच्या पेटीलाही ३७ पट्ट्याच आहेत, मग तुला ६१ कशाला? हिशेब बरोबर आहे. एका सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून १२ पट्ट्या. तीन सप्तके म्हणजे ३६, आणि वरचा एक सा धरून ३७. पाच सप्तके म्हणजे ६०, आणि एक धरून ६१. पण मी पट्टी घेऊन दोन्ही मोजले. आजोबांच्या पेटीवर सा ते नी या सात पांढऱ्या पट्ट्या १५ सेंटीमीटर भरल्या. माझ्या बाजावर ११ च. मोठ्या पियानोवर त्या सुमारे साडेसोळा असतात. म्हणजे मुद्दा नुसता किती पट्ट्यांचा नाही, केवढ्या पट्ट्यांचा आहे. आजोबा म्हणतात, बोटाला घर पाठ होते. अंगठा सा वर ठेवला की पाचवे बोट न बघता प वर पडले पाहिजे. माझे बोट बाजावर बरोबर पडते आणि पेटीवर म वर पडते. मग दोनदा शिकायचे का?

कोणी म्हणेल, लहान हाताला लहान पट्टी बरी. पण आपण सायकल कशी शिकलो? बाबांच्या मोठ्या सायकलच्या नळीखालून पाय घालून. हात काय, वाढतोच.

आणखी एक गोष्ट मामांनी सांगितली ती दुकानात गेल्यावर सगळ्यांनी विचारावी. हलक्या बाजावर पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. पेटीवर निदान भाता कमी-जास्त करता येतो, इथे तेही नाही. सगळे गाणे सपाट. चांगल्या कीबोर्डात पट्टीखाली एकाऐवजी दोन ठिपके असतात. पहिला टेकल्यावर दुसरा किती लवकर टेकला ते यंत्र मोजते आणि त्यावरून आवाज लहान-मोठा करते. ६१ पट्ट्यांच्या सगळ्याच कीबोर्डांत हे नसते. म्हणून नुसते 'एकसष्ट द्या' म्हणून चालणार नाही.

तेव्हा काकांनी दुकानात उभे राहून ६१ च्या ६१ पट्ट्या एकेक करून दाबाव्यात, आधी हळू आणि मग जोरात. दुकानदार कंटाळला तरी चालेल. मग चार-पाच एकदम दाबून धराव्यात, एखादी गप्प होते का ते ऐकावे. बॅटरीवर चालतो का ते बघावे. अ‍ॅडाप्टर त्याचाच घ्यावा, कारण काहींत मधला खिळा धन असतो तर काहींत ऋण, आणि उलटा लागला तर बाजा जळू शकतो.

वरचे पैसे थोडे मी देणार आहे, माझ्या डब्यातले. पेटीचा भाता आंब्याचे पैसे आले की करू, असे आजोबा आणि बाबा दोघांनीही कबूल केले आहे. काका शिमग्याला येणार. बाबा आज त्यांना पत्र लिहीत आहेत आणि त्यात मोजपट्टी घालायला मी सांगितले आहे. सात पांढऱ्या पट्ट्या, साडेसोळा सेंटीमीटर.