ऑइल पंपाला फाशी कशाला?

कडोदऱ्याच्या चौकात मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-धुळे रस्ता एकमेकांना छेदतात. मिलचा माल वाहणाऱ्या गाड्यांपासून सणाला नवापूर-साक्रीकडे निघालेल्या खानदेशी कुटुंबांच्या ओम्नीपर्यंत सगळं इथून जातं. अशा ठिकाणी गॅरेजांना काय तोटा! आणि गॅरेज कुठलंही असो, एक निदान ठरलेलं. इंजिन बांधून झालं, चावी मारली आणि ऑइल प्रेशरचा लाल दिवा विझेना, की मिस्त्री म्हणणार, "पंप गेला, नवा टाका." नव्या पंपानेही भागलं नाही तर जाड ऑइल. तेही फसलं तर रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वायसर. आणि सगळ्यात शेवटी, "स्विचच खराब आहे शेठ, वायर काढून टाकू."

हा सगळा क्रमच उलटा आहे. पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. पुढे बेअरिंगच्या बारीक फटींतून ते ऑइल अडत-अडत बाहेर पडतं, त्या अडथळ्यातून प्रेशर उभं राहतं. घरातले सगळे नळ उघडे ठेवून गच्चीवरच्या टाकीची मोटर बदलणाऱ्याला आपण हसतो. पंप बदलणाऱ्याला मात्र बिल चुकतं करतो.

फटीचा हिशेबही साधा नाही. फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते, कारण ती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लहान गाडीच्या मेन बेअरिंगची फट मिलिमीटरच्या दोन ते पाच शतांशांची. लेथवाल्याने क्रँक 0.25 मिलिमीटरने घासली आणि दुकानातून बेअरिंग मात्र स्टँडर्ड आलं, तर कुठलाही पंप ते प्रेशर सांभाळू शकणार नाही. बेअरिंगच्या पाठीवर साइज ठोकलेली असते. बसवण्याआधी ती अंगठ्याने पुसून वाचायची, बस्स.

जाड ऑइलवाल्यांचं म्हणणं असं की गेज वर गेलं ना, मग झालं. गेज जातं खरं. पण बेअरिंगला वाचवणारं प्रेशर गेजवर दिसतच नाही. 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑइल घालायला वरून भोक पाडलं, तर ऑइल त्यातूनच उसळून बाहेर यायला लागलं. त्याने लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. फिरणारा दांडा ऑइलच्या थराला स्वतःच जबरदस्त दाब देतो. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. म्हणजे पंपाचं काम त्या थराला भरपूर ऑइल पुरवत राहणं. ऑइल घट्ट केलं की पुरवठा आटतो आणि गेज मात्र खूश! धुळ्याच्या वाटेवर कोंडाईबारीच्या घाटात ऑइल तापून पातळ झालं की मग तेही सोंग उतरतं.

वायसरचा उपाय तर तर्कालाच धरून नाही. रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो प्रेशर जास्त झाल्यावर. गरम इंजिन स्लोवर चालताना दिवा लागतो तेव्हा व्हॉल्व्ह आधीच बंद असतो. बंद दाराला आणखी कडी लावून काय मिळणार? कचरा अडकून तो उघडा राहिला असेल तर साफ करा, त्याला वायसर नको.

पंप कधीच दोषी नसतो, असं मी म्हणत नाही. जुन्या इंजिनात बेअरिंग फुटलं असेल तर त्याचा चुरा पंपातून गेलेला असतो, आणि तोच पंप पुन्हा लावणं हा गुन्हाच. पण आरोप सिद्ध करायला हवा. स्विच काढून त्या जागी साधं मेकॅनिकल गेज लावा, स्विचही निर्दोष आहे की नाही ते तिथेच कळेल. गाडी थंड असतानाच शून्य दिसलं तर इंजिन ताबडतोब बंद. पंप कोरडाच बसवला असेल, किंवा ब्लॉक धुवायला दिला तेव्हा काढलेला ऑइल गॅलरीचा प्लग टायमिंग कव्हरच्या आत लावायचाच राहिला असेल. ऑइल आतच सांडतं, फरशीवर थेंब नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. इंजिन थंड असताना प्रेशर चांगलं आणि तापल्यावर पडतं, तर फट मोजा. रेस वाढवताना काटा थरथरतो किंवा उलट खाली येतो, तर ऑइलचं चेंबर उतरवा. पंपाच्या जाळीवर हमखास सापडतो सिलिकॉनचा करडा गोळा, च्युइंगमसारखा चिकटलेला. गॅस्केटला भरभरून लावलेलं सिलिकॉन आत पिळलं जातं आणि सुटून जाळी गाठतं. किंवा जाळीच्या पाइपची रबर रिंग दबलेली असते आणि पंप ऑइलसोबत हवा ओढतो.

यावर "मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या" म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. पाट्यावर बसून हाताने कनेक्टिंग रॉडची चाल ओळखणारा मिस्त्री कुठल्याही एसी काउंटरपेक्षा जास्त इंजिनं जाणतो. त्याची खरी अडचण वेगळी, आणि ती तो तोंडावर सांगतो: पंपाचे पैसे गिऱ्हाईक देतं, मोजायचे देत नाही. हे मात्र सोळा आणे खरं आहे. तेव्हा इंजिन बांधायला टाकताना बिलावर मोजमापाच्या मजुरीची एक ओळ गिऱ्हाइकानेच लिहून घ्यावी, आणि क्रँकची, बेअरिंगची मापं त्याच कागदामागे मागावीत.