उलटे कोरायचे, सुलटे छापायचे



आमच्या वस्तीतील एक मुलगी चित्रकलेच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. वडील भाजीबाजारात हातगाडी ओढतात, आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. फेब्रुवारी महिन्यात एका संध्याकाळी वडील आमच्याकडे आले. हातात तपकिरी रंगाचा, चपलेच्या तळासारखा दिसणारा एक तुकडा होता. म्हणाले, "भाऊ, फी भरून पोरगी हे कोरत बसते. रोज नवा तुकडा, रोज नवा खर्च. त्यापेक्षा तिला कुठं कॉम्प्युटरच्या कामाला चिकटवा."

आम्ही पडलो कारकून. जमाखर्चाच्या वह्यांत आमचे आयुष्य गेले. आम्हीही मान डोलावली आणि "बघतो" म्हणालो. ते चुकलेच, आणि कसे चुकले ते आज सांगायचे आहे.

तो तुकडा होता लिनोचा. जवसाचे तेल हवेत आटवून घट्ट करायचे, त्यात बुचाच्या झाडाचा भुसा मिसळायचा आणि ते किंतानावर थापायचे. 1860 च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाने जमिनीवर अंथरण्यासाठी हा माल काढला. जवसाला लॅटिन भाषेत लिनम म्हणतात, तेलाला ओलियम. त्यावरून लिनोलियम, आणि चित्रकारांच्या तोंडी नुसते लिनो. ज्या जवसाची चटणी आमच्या विदर्भातील आयाबहिणी वाटतात, त्याच जवसाचा हा पाहुणा.

काम असे चालते. लिनोवर चित्र काढायचे. जो भाग पांढरा हवा तो बारीक कोरणीने काढून टाकायचा, जो छापायचा तो उंच राहू द्यायचा. काचेवर शाई पसरून रोलरने लिनोवर लावायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचा. कागद उचलला की ठसा तयार. मोठे यंत्र लागत नाही. एका तुकड्यावरून पन्नास घरांसाठी पन्नास चित्रे निघतात, आणि पन्नासावे पहिल्यापेक्षा हलके मानले जात नाही.

यंदा 14 एप्रिलसाठी त्या मुलीने स्वतःहून सांगितले, "काका, घरोघर वाटायला बाबासाहेबांचं कार्ड मी छापून देते." जयंतीच्या आठ दिवस आधी विहारात सगळे जमले. निळी शाई लावली, कागद घासला, उचलला, आणि सगळे गप्प झाले. संविधानाचा ग्रंथ बाबासाहेबांच्या उजव्या हातात आणि पुढे दाखवणारे बोट डाव्या हाताचे! खाली "जयभीम" ही अक्षरे उलटी, आरशात दिसावीत तशी. कोणी हसले. एक कार्यकर्ता तर चिडून म्हणाला, "बाबासाहेबांच्या चित्राशी खेळ करता काय?" पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. वडिलांनी आमच्याकडे पाहिले. ती नजर "सांगितलं नव्हतं का, भाऊ?" असेच म्हणत होती.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले तात्या उठले. तात्यांनी ऐंशी ओलांडली आहे. ते छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे त्यांचे काम. त्यांनी चष्मा वर केला, तो कागद हातात घेतला आणि म्हणाले, "अगं पोरी, यात रडायचं काय? सारी जिंदगी मी उलटीच अक्षरं वाचली. खिळा उलटा असतो म्हणून तर कागदावर सुलटा उमटतो. तू सुलटं कोरलंस, म्हणून उलटं छापलं. आता उलटं कोर."

ही चूक लिनो शिकणारे बहुतेक सगळेच एकदा करतात, असे मुलीने नंतर सांगितले. तिला नियम माहीत होता, पण घाईत विसरली. दुसऱ्या तुकड्याच्या वेळी तिने चित्र पातळ कागदावर काढले, कागद पालथा केला, खाली कार्बन ठेवून रेषा लिनोवर उतरवल्या आणि कोरण्याआधी आरशात पाहून घेतले. थंड लिनो कडक होतो, म्हणून तो थोडा वेळ उन्हात ठेवला. कोरणी नेहमी अंगापासून दूर चालवायची आणि दुसरा हात पात्याच्या मागे ठेवायचा, हे ती आता लहान मुलांनाही बजावते.

तिने आणखीही प्रयोग केले. पातळ कागदावर छापले, जुन्या मलमलीवर छापले. शाई जास्त झाली तर बारीक रेषा बुजतात, कमी झाली तर ठसा फिका येतो. आपल्या देवनागरीची शिरोरेषा अक्षरांना एकमेकांशी धरून ठेवते, पण "भ" आणि "म" यांच्या गाठी जपून कोराव्या लागतात, हे तिला हाताने कळले. घासायला चमचा पुरेना तेव्हा आईने स्टीलच्या वाटीचा तळ घेतला. तिने घासलेले ठसे सर्वांत एकसारखे आले. रोज शेकडो पोळ्या लाटणाऱ्या हाताला दाब किती द्यायचा ते कोणी शिकवावे लागत नाही.

या कलेचे आणि आपल्या धम्माचे नाते फार जुने आहे. तारीख छापलेला जगातील सर्वांत जुना पूर्ण ग्रंथ म्हणजे चिनी भाषेतील वज्रच्छेदिका सूत्र. साल 868. लाकडाच्या ठोकळ्यांवर उलटे कोरून तो छापला आहे. सुरुवातीलाच भगवान बुद्ध सुभूतीला उपदेश करीत असल्याचे चित्र आहे. तुनहुआंगच्या लेण्यांत तो सापडला आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. शेवटी असे नोंदले आहे की, वांग जिए नावाच्या गृहस्थाने आईवडिलांच्या वतीने तो सर्वांना मोफत वाटण्यासाठी करवून घेतला. धम्म घरोघर पोहोचवायला अकराशे वर्षांपूर्वी कोणीतरी उलटे कोरत बसले होते! बाबासाहेबांनी 1920 साली "मूकनायक" काढले, 1927 साली "बहिष्कृत भारत" काढले, तेव्हाही कोणी जुळारी उलटे खिळे जुळवीत होताच.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. वर्णभेदाच्या काळात काळ्या मुलांना कलाशिक्षणाची दारे जवळजवळ बंद होती. तेव्हा रोर्क्स ड्रिफ्ट या आडगावी ख्रिस्ती मिशनच्या केंद्रात त्यांना चित्रकला शिकवली जाई. लिनो स्वस्त, म्हणून तो तिथे घरचाच झाला. अझारिया म्बाथा याने बायबलातील माणसे काळी कोरली. नामिबियाचा जॉन मुआफांगेजो तिथेच 1960 च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी होता. तो आपल्या लोकांचे जगणे कोरी आणि चित्रातच शब्दही कोरी. त्याच्या 1984 सालच्या एका ठशाचे नाव सध्याच्या अडचणींतही आशा धरण्याविषयी आहे. तो 1987 साली गेला. त्याचा देश 1990 साली स्वतंत्र झाला. त्याचे ठसे आजही जगभर पाहिले जातात. ज्यांची चित्रे दुसरेच काढीत आले, त्यांनी स्वतःचे चित्र स्वतः काढणे, हे लहान काम नव्हे.

जयंतीला आमच्या वस्तीत दीडशे घरांत ते कार्ड गेले. उजवा हात उजवीकडे, अक्षरे सुलटी. आणि तो पहिला, चुकलेला ठसा? तो तात्यांनी मागून घेतला. म्हणाले, "मला हा सुलटाच दिसतो."

त्या रात्री वडील पुन्हा आमच्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, कामाचं राहू द्या. फीचा दुसरा हप्ता कसा भरायचा तेवढं सांगा." हप्ता अजून पूर्ण भरलेला नाही. आम्ही काही जण मिळून भरणार आहोत. पण प्रश्न बदलला, हे महत्त्वाचे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलाचा हात चित्रात चालत असेल तर शाळेत असतानाच शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसवा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा, शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा. आणि मुलांनी शिकताना दोन तुकडे वाया घालवले तर लगेच हिशेब मागू नका. "शिका" म्हणताना बाबासाहेबांनी डॉक्टर-वकिलीपुरते शिका असे म्हटले नव्हते. शिकण्यात चुकणे आलेच. ते आम्हा हिशेबाच्या माणसांना उशिरा कळले, तुम्हाला वेळेवर कळावे.

जयभीम!