मत न देणाऱ्याचे गाऱ्हाणे

‘ज्याने मत दिले नाही, त्याने तक्रार करू नये’ हे वाक्य निवडणुकीच्या हंगामात लासूर स्टेशनच्या फलाटावर, बाजार समितीच्या आवारात आणि शाळांच्या शिक्षककक्षांत सारख्याच आवेशाने उच्चारले जाते. 2017 च्या फेब्रुवारीत याच आशयाचे उद्गार सर्वोच्च न्यायालयातही निघाले. देशभरातील अतिक्रमणे हटवावीत, अशी मागणी घेऊन आलेल्या अर्जदाराने आपण कधी मतदानच केले नसल्याचे कबूल केले, तेव्हा सरन्यायाधीश खेहर यांच्या खंडपीठाने, मत न देणाऱ्यास सरकारला दोष देण्याचा अधिकार नाही, असे त्यास सुनावले. हे उद्गार तोंडी होते. त्यांनी कायदा बनत नाही. तरीही ते लोकांना पटतात, म्हणूनच त्यांची तपासणी व्हावयास हवी.

घटनेच्या 32 व्या अनुच्छेदाने मूलभूत हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडले, ते बोटावरील शाई पाहून नव्हे. माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदाही अर्जदारास मतदानाचा दाखला मागत नाही. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याला मत नाही. म्हणून गळक्या वर्गाविषयी त्याने मौन पाळावे काय?

आम्हा मराठवाड्यातील लोकांना तर हे इतिहासानेच शिकविले आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. प्रौढ मताधिकार नव्हता. तरीही 1938 साली स्टेट काँग्रेसने सत्याग्रह केला आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. त्यांना मत नव्हते, गाऱ्हाणे मात्र होते. आणि त्या गाऱ्हाण्यातूनच पुढे मत आले. अलीकडचा दाखलाही बोलका आहे. जिल्ह्याच्या शहराच्या महापालिकेची मुदत 2020 च्या एप्रिलमध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. तेवढ्या काळात नळाला पाणी आले नाही, तर नागरिकाने बोलावयाचेच नव्हते काय?

परंतु याचा अर्थ घरी बसणारा निर्दोष ठरतो, असा नव्हे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे 61 टक्के मतदान झाले. म्हणजे दर पाच मतदारांपैकी जवळजवळ दोघे केंद्रापर्यंत आले नाहीत. त्यांत पोटासाठी गाव सोडून गेलेले मजूर आहेत, यादीतील पत्ता जुना राहिल्याने अडलेले आहेत. तसेच सुट्टी मिळाली म्हणून सहलीस गेलेलेही आहेत. या साऱ्यांना एकाच मापाने मोजणे अन्याय होय. सर्वच उमेदवार नापसंत असतील, तर 2013 पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय यंत्रावर आहे. आळसाला वैतागाचे नाव देण्याची सोय त्यामुळे उरलेली नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की मत न दिल्याने तक्रारीचा हक्क जात नाही. तक्रारीचे वजन मात्र कमी होते. पुढारी केंद्रनिहाय आकडे पाहतात. ज्या वस्तीतून मतदार बाहेर पडत नाही, तिच्या रस्त्याची आठवण त्यांना उशिरा होते. उलटपक्षी, एकदा मत टाकून पाच वर्षे गप्प बसणारा मतदारही आपले काम अर्धेच करतो. मतदान केंद्रावर वर्षानुवर्षे कर्तव्य बजावणाऱ्या शिक्षकांनी व कारकुनांनी ही गोष्ट जवळून पाहिली आहे. शेजाऱ्याचे तोंड बंद करण्यापेक्षा त्याचे नाव यादीत आहे की नाही, एवढे त्यांनी पाहून दिले, तरी लोकशाहीची मोठी सेवा घडेल.