आळ मिरचीवर, काम जंतूचे

खानदेशात पोटात जळजळ सुरू झाली की पहिला आळ मिरचीवर येतो. जळगावचे भरीत असो की धुळ्याची शेवभाजी, तिखट सोड म्हणजे बरे वाटेल, असे घरातली मोठी माणसे सांगतात. तिखटाने दुखणे चाळवते, हे खरे. पण अल्सरचे, म्हणजे जठराच्या आतल्या व्रणाचे मूळ बहुधा वेदनाशामक गोळ्यांत तरी असते, नाहीतर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूत. पर्थच्या रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांना या जंतूच्या शोधासाठी २००५चे नोबेल मिळाले.

जठरातल्या आम्लात बहुतेक जंतू मरतात. हा मात्र युरीएज नावाच्या विकराने युरियापासून अमोनिया बनवतो, भोवतीचे आम्ल निवळवतो आणि अस्तरावरच्या चिकट थरात शिरतो. लागण बहुधा लहानपणी, घरातल्याच कुणाकडून होते.

अस्तराच्या पेशींना त्याची चाहूल लागते. त्या इंटरल्युकिन-८ हा रासायनिक निरोप धाडतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. मागोमाग टी पेशी येतात, बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. निरोगी जठरात या टी आणि बी, म्हणजे लसीका पेशींचे पुंजके जवळजवळ नसतात. लागण झाल्यावर ते सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात.

तरीही जंतू हटत नाही. ज्या शेपटीच्या प्रथिनावरून शरीर इतर अनेक जंतू ओळखते, त्याचे याच्याकडचे रूप वेगळे आहे. त्याचे व्हॅकए हे विष टी पेशींची वाढ रोखते. ही झुंज वर्षानुवर्षे चालते आणि झळ अस्तराला लागते. बहुतेकांना काहीच जाणवत नाही; काहींना अल्सर होतो, थोड्यांना कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ साली या जंतूला कर्करोगकारक ठरवले.

म्हणूनच दुकानातून आणलेल्या पॅन्टोप्राझोलवर महिनोन्‌महिने काढणे आम्हाला धोक्याचे वाटते. आम्ल घटते, दुखणे दबते, जंतू तिथेच राहतो. शिवाय या गोळीमुळे तपासणी चुकू शकते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी तपासणीच्या दोन आठवडे आधी थांबवावी लागते. रक्ततपासणीवरही विसंबू नये, कारण जंतू गेल्यावरही प्रतिपिंडे दीर्घकाळ टिकतात. श्वासाची किंवा शौचाची तपासणी अधिक भरवशाची. दुर्बिणीतून काढलेला अस्तराचा कणभर तुकडा पिवळ्या द्रावात ठेवला आणि तो द्राव गुलाबी झाला, तर जंतूचा अमोनिया तिथे आहे, हे कळते.

उपचार साधारण १४ दिवसांचा असतो. भारतात मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाला हा जंतू बऱ्याचदा दाद देत नाही, त्यामुळे गोळ्या मनाने निवडू नयेत आणि मध्येच सोडू नयेत. औषधे संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. जळजळ थांबली, एवढ्यावरून जंतू गेला असे धरता येत नाही.