सिकलसेल : दोष एकट्या आईचा?

दिघ्याच्या टेकडीवरील वस्तीतून गेल्या पावसाळ्यात एक भगिनी आमच्याकडे रेशनकार्डाचा अर्ज लिहून घ्यायला आल्या. मूळच्या यवतमाळ जिल्ह्यातील. कडेवर सात वर्षांचा मुलगा. एवढा मोठा मुलगा कडेवर कशाला, असे आम्ही सहज विचारले, तर त्यांचे डोळे भरून आले. "भाऊ, हाडं मोडल्यावानी दुखतात म्हणतो. पाय टेकवत नाही त्याला."

पाऊस लागला की हातपाय ठणकायचे, डोळे पिवळे व्हायचे. काविळीचा झाडपाला झाला. जाऊबाईंनी बाहेरची बाधा सांगितली. शाळेत पोरगा आळशी ठरला. एका खाजगी दवाखान्याने वर्षभर वाताच्या गोळ्या दिल्या. अखेर रक्ताची खास तपासणी झाली, तेव्हा नाव कळले : सिकलसेल. पण खरे दुःख पुढेच होते. "आमच्या घराण्यात असले काही नाही, हे तुझ्या माहेरचे," असे म्हणून नवरा मोकळा झाला!

बंधूंनो, हे साफ खोटे आहे. या आजारात रक्तातील तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते आणि असह्य कळा येतात. आजार होण्यासाठी बिघडलेले जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावे लागते. एकाकडूनच आले तर मूल वाहक होते, रुग्ण नव्हे. दोघेही वाहक असले तर दर गरोदरपणात चारांत एक शक्यता रुग्ण मुलाची. आम्ही त्या गृहस्थांना स्वतःचे रक्त तपासायला लावले. कागद हाती आल्यावर ते बराच वेळ खाली मान घालून बसले. आता खाडा करून तेच मुलाला रुग्णालयात नेतात.

विदर्भात हा आजार आपल्या समाजात, तसाच आदिवासी व इतर मागास समाजांतही आहे. म्हणून काही जण त्याला जातीची खूण समजून लपवतात. लाज कसली? वाहकाला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या मुलखात हे जनुक टिकले. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्येही आहे. नागपूरच्या संपत रामटेके यांनी लपवले नाही. सिकलसेलच्या रुग्णांसाठी त्यांनी वर्षानुवर्षे काम केले आणि 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2016 च्या दिव्यांग कायद्यात हा आजार नोंदला गेला आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करावा. अर्ज लिहायला आम्ही आहोतच.

औषधोपचार आहेत. हायड्रॉक्सियुरियाने कळांचे झटके कमी होतात. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधूनमधून रक्त तपासत घ्यायचे. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये. लहानग्यांना जंतुसंसर्ग फार लवकर गाठतो, म्हणून लसी चुकवू नका. ताप आला तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दिघा गाव स्टेशन जानेवारी 2024 मध्ये सुरू झाले, त्यामुळे ठाण्याला गाडी बदलून परळला जाणे सोपे झाले आहे. तेथे के.ई.एम.च्या आवारात एन.आय.आय.एच. ही रक्तविकारांची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. दोघे वाहक असतील तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करता येते. दिवस गेल्याचे कळताच विचारावे.

आणि वधू-वर मेळाव्यांचे काय? तेथे आपण शिक्षण विचारतो, पगार विचारतो, खोली स्वतःची की भाड्याची तेही विचारतो. रक्ताचा कागद मात्र कोणी मागत नाही. केंद्राने 1 जुलै 2023 रोजी सुरू केलेली सिकलसेल मोहीम चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी करू पाहते, पण तिचा भर आदिवासी भागांवर. दिघ्यात आपणच पुढे व्हायला हवे. पुढच्या मेळाव्यात रक्ततपासणीचे टेबल मांडावे, असे आम्ही मंडळाला लिहून दिले आहे. एका ज्येष्ठांनी "स्थळे मोडतील" म्हणून हरकत घेतली. एक वाहक आणि एक निर्दोष, अशा जोडप्याला रुग्ण मूल होत नाही, हे त्यांना दोनदा समजावले. अजून होकार नाही.

तो मुलगा आता शाळेत जातो. अंगात पाणी कमी पडले की कळा येतात, म्हणून आम्ही बाईंना भेटून वर्गात बाटली ठेवायची आणि लघवीला केव्हाही जायची परवानगी मागितली. बाई लगेच हो म्हणाल्या. आधी कोणी सांगितलेच नव्हते, असेही म्हणाल्या.