बैठक कशासाठी?



गेल्या गळीत हंगामात गट कार्यालयाचा निरोप आला, "१० वाजता बैठक, जरूर यावे." रानात तोड चालू होती, तरी गेलो. साहेब आले साडेबाराला. हार-नारळ झाले, भाषणे झाली, सांगितले काय, तर "ऊस स्वच्छ तोडा, पाचट पाठवू नका." हे फळ्यावर दोन ओळींत मावले असते. परत आलो तो भरलेली गाडी रानातच रुतलेली. ती काट्यावर लागायला दुसरा दिवस उजाडला.

तोडलेला ऊस २४ तासांत गाळला पाहिजे, हे कारखानाच आपल्याला सांगतो. ऊस वाळला की वजन घटते, उतारा पडतो. वजनाचा तोटा एकट्याचा, पण उताऱ्याचा सगळ्यांचा. एफआरपी उताऱ्यावरच ठरते ना!

सभाच नकोत, असे माझे म्हणणे नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा हा १९६० च्या सहकार कायद्याने दिलेला आपला हक्क. ताळेबंद तिथे तपासावा. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. त्याचा जाबही तिथेच विचारावा. पण फुकटच्या बैठकांना विटलेला माणूस नेमका त्याच सभेला जात नाही, आणि "मंजूर, मंजूर" म्हणत सगळे विषय पाच मिनिटांत उरकतात. खरा तोटा तो.

संचालक मंडळास विनंती : काही ठरवायचे असेल तरच बोलवा, विषय आधी कळवा, वेळेवर सुरू करा. बाकीचे फळ्यावर लिहा. आम्हाला वाचता येते.

— एक ऊस उत्पादक सभासद